घोडा दरवेळी पोलला पाय लावतो, तेव्हा कुठून तपासायला सुरुवात करायची

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका छोट्या तबेल्यावर मी बरीच वर्षं घोडे तयार करतोय, शिवाय खारघर-पनवेलकडचे ओळखीचे लोक अधूनमधून बोलावतात म्हणून तिकडेही जातो. बोलावण्याचं कारण जवळजवळ एकच असतं, की जमिनीवर पोल, म्हणजे घोड्याने पाय उचलून ओलांडायच्या लाकडी बल्ल्या, टाकले की घोडा पाय आपटतो आणि आठवडाभर काम करून पण फरक नाही. मी पोचेपर्यंत बहुतेक वेळा घोड्याला दोन-चार चाबूक बसलेले असतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की हा आळशी आहे, पाय उचलायचा कंटाळा करतो. ते बघून मला फार वाईट वाटतं. पोलला खूर लागतो तेव्हा घोड्यालाही दुखतं, त्याला हौस नसते. काहीतरी चुकतंय एवढंच तो सांगत असतो, आणि काय चुकतंय ते शोधायचं काम आपलं.

मी ज्या क्रमाने शोधतो तो इथे लिहितोय. फुकट आणि पाच मिनिटांत होणारं आधी, पैसे आणि डॉक्टर लागणारं शेवटी.

आधी नीट बघा, नक्की काय होतंय

"पाय आपटतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. मोबाईल कोणाच्या तरी हातात द्या, पोलच्या अगदी बाजूला उभं करा, खाली वाकून पायांच्या उंचीवरून स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा, दोन्ही हातांनी म्हणजे डावीकडून आणि उजवीकडून येताना. मग घरी नाही, तिथेच उभं राहून बघा.

पहिलाच पोल लागतो आणि पुढचे नीट जातात, तर घोड्याला पोल वेळेवर दिसत नाहीये किंवा आपण त्याला घाईत आणतोय. पहिले दोन नीट आणि तिसरा-चौथा लागतो, तर नव्वद टक्के अंतराचा घोळ आहे असं मी समजून चालतो. पुढचे पाय स्वच्छ जातात आणि फक्त मागचे लागतात तेव्हा पाठ, खोगीर किंवा स्वाराचे हात बघायचे. एकाच हाताने जाताना लागतो, दुसऱ्या हाताने नाही, तर आपण तिरके येतोय, किंवा घोडा एका बाजूला ताठ आहे, किंवा त्या बाजूच्या डोळ्याचं काही आहे. सुरुवातीला मस्त आणि पंधरा मिनिटांनी आपटायला लागला तर तो थकलाय, एवढं सोपं. आणि दरवेळी तोच एक पाय लागत असेल, कुठल्याही अंतरावर, कुठल्याही स्वाराखाली, तर मधलं सगळं सोडून थेट नाल आणि पायाच्या तपासणीवर या.

घोडा आधी काय करत होता हे पण विचारा. रेसवरून आलेला घोडा पोल दिसला की वेग वाढवतो, त्याला आयुष्यभर पुढे पळायलाच शिकवलंय. वरातीत नाचवलेली घोडी आमच्याकडे आली होती, बिजली, ती पोलपाशी येऊन जागच्या जागी पाय वर-खाली करायची आणि मग कसाही पाय टाकायची. तिला पाय उंच उचलता येत होते, पुढे टाकायचे माहीत नव्हते. आणि माथेरानवरून उतरलेलं एक तट्टू होतं त्याला मी काहीच शिकवलं नाही, त्या दगडांच्या लाल वाटेवर वर्षानुवर्षं चालून त्याला पाय कुठे ठेवायचा ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

अंतर मोजा, अंदाजाने टाकू नका

हार्डवेअरच्या दुकानात शे-दीडशे रुपयांचा टेप मिळतो. मी हे इतक्यांदा बघितलंय, की चार पोल पावलांनी मोजून टाकलेत, पावलं सईसाने (घोडा सांभाळणाऱ्याने) मोजली, काल वेगळा सईस होता. पोलचं काम सगळं अंतरावर उभं आहे. अंतर चुकीचं असेल तर घोड्याला दोनच रस्ते उरतात, पोलवर पाय द्यायचा नाहीतर उडी मारायची, आणि दोन्हीला आपण त्याला रागावतो.

साधारण आकडे असे. वॉकसाठी (साधी चाल) ८० ते ९० सेंटिमीटर. ट्रॉटसाठी (दुडकी चाल) १.३ ते १.४५ मीटर, पण हे पंधरा-सोळा हॅन्डच्या (घोड्याची उंची मोजायचं माप, एक हॅन्ड म्हणजे चार इंच) मोठ्या घोड्यासाठी. आपल्याकडचे मारवाडी, काठियावाडी चौदा-पंधरा हॅन्डचे, त्यांना १.२ ते १.३ बरं पडतं, आणि लहान पोनीला १.१ च्या आसपास. कँटरला (हळू दौड) ३ मीटर धरून सुरू करा, लहान घोड्याला अजून कमी. परदेशी व्हिडिओत बघून १.४ वर पोल टाकले आणि घोडा साडेचौदा हॅन्डचा, हा प्रकार मी खारघरला एकाच तबेल्यावर तीनदा सोडवलाय. तीनही वेळा घोड्यात काही दोष नव्हता.

हे आकडे पण फक्त सुरुवात करायला. तुमच्या घोड्याचं अंतर तुमच्या घोड्यालाच विचारायचं. मैदानाचा एक पट्टा दाताळ्याने सपाट करा, पोल न टाकता घोडा त्याच्यावरून एकसारख्या ट्रॉटने न्या, मग मागच्या डाव्या पायाच्या एका ठशापासून त्याच पायाच्या पुढच्या ठशापर्यंत मोजा. त्याचं निम्मं म्हणजे पोलमधलं अंतर. २.५ मीटर आलं तर पोल १.२५ वर. तीन-चार ठसे मोजून सरासरी काढा, एकावर विश्वास ठेवू नका.

पोल टाकल्यावर परत ठसे बघा. खूर दोन पोलच्या बरोबर मधोमध पडायला हवा. ठसे एकेक पोल पुढे जाताना पुढच्या पोलकडे सरकत गेले तर अंतर कमी पडतंय, घोड्याची ढांग मोठी आहे. उलटं, ठसे नुकत्याच ओलांडलेल्या पोलला चिकटत गेले तर अंतर जास्त आहे, तो पोचत नाहीये. इतकी स्वच्छ खूण दुसरी कुठलीही नाही, माती खोटं बोलत नाही.

पावसाळ्यात हेच आकडे चालणार नाहीत. जून ते सप्टेंबर आमचं मैदान जड असतं, पाय रुततो, ढांग आपोआप लहान होते, तेव्हा मी पाच-दहा सेंटिमीटर कमी करतो. पाणी साचलेलं असेल तर पोल टाकतच नाही. ओल्या लाकडावर नाल घसरते आणि चिखलाखालचा दगड कोणालाच दिसत नाही.

अजून एक. ट्रॉटला दोनच पोल टाकू नका. दोन पोल जवळजवळ पडलेले दिसले की बऱ्याच घोड्यांना ती एक रुंद उडी वाटते आणि ते दोन्ही एकदम ओलांडतात. आधी एक, तो शांतपणे जमला की एकदम तीन. नाहीतर दोनच हवे असतील तर दुप्पट अंतरावर, म्हणजे मध्ये एक जास्तीचं पाऊल पडेल असे.

पोल कसला आहे, हलतो का, दिसतो का

पीव्हीसी पाइप वापरत असाल तर आजच बंद करा. हलका असतो, घोड्याच्या खुराने लांब उडतो, आणि जुना झाला की फुटून त्याच्या सुऱ्या होतात. बांबू पण तसाच, चिरला की धार येते. मी बांधकामाला वापरतात त्या निलगिरीच्या बल्ल्या घेतो, साल काढून, गाठी तासून, तीन मीटरच्या आसपास लांब आणि मनगटापेक्षा जाड. जड असल्यामुळे घोडा त्यांना मान देतो, हलक्या पाइपला लागला काय नाही लागला काय त्याला फरक पडत नाही.

पण गोल बल्ली घरंगळते आणि हे सगळ्यात धोक्याचं आहे. घोड्याने पोलवर पाय दिला आणि पोल पायाखाली फिरला तर घोट्याचा सांधा पिळवटतो, ते महिनोन्‌महिने पुरतं. दोन्ही टोकांना खाच केलेले लाकडी ठोकळे ठेवा किंवा दोन्ही बाजूंनी माती दाबा. जुने टायर लावू नका, पाय आत अडकतो. क्रॉस पायांची कॅव्हेलेटी, म्हणजे दोन्ही टोकांना फुलीसारखे पाय जोडलेला ठेंगणा पोल, असेल तर तिची टोकं बोथट करून घ्या, आणि एकावर एक चढवून उडी बनवायचा मोह कितीही झाला तरी टाळा, ती रचना पडते तेव्हा घोड्याच्या पायात पडते.

आता दिसण्याचं. घोड्याला रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, लाल आणि हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही, निळा आणि पिवळा कळतो. ब्रिटनमध्ये रेसच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग काढून पांढरा लावायला २०२२ मध्ये सुरुवात केली ती याच कारणाने. आणि आपल्याकडे काय असतं, तर लाल मुरमाच्या मैदानावर तपकिरी बल्ली, त्यात सकाळी साडेसहाचा उजेड. त्याला ती दिसणार कशी? पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणा, प्रत्येक पोलवर हातभर अंतरावर पट्टे मारा. एका काठियावाडी घोड्याचं पहिल्या पोलला लागणं एवढ्यानेच थांबलं, आणि आम्ही त्याच्यासाठी नवा लगाम शोधत बसलो होतो.

घोड्याला नाकासमोर अगदी जवळचं आणि पायाखालचं दिसत नाही. पोल ओलांडताना तो त्याला बघत नसतो, तीन-चार पावलं आधी बघून लक्षात ठेवलेला असतो. म्हणून शेवटच्या चार पावलांत त्याला मान खाली घेऊन बघायला मिळालंच पाहिजे. इथून थेट स्वारावर येतो.

स्वार, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय

कॅव्हेलेटी हा इटालियन शब्द, अर्थ छोटे घोडे. इटलीच्या घोडदळातला फेदेरिको काप्रिली म्हणून अधिकारी होता, १८६८ चा जन्म आणि १९०७ मध्ये गेला, त्याचा सगळा आग्रह हाच की घोड्याला अडथळ्यावरून जाताना मोकळं सोडा, तोंड ओढू नका, आपलं वजन त्याच्या आड येऊ देऊ नका. त्याला जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली आणि मी अजून दर रविवारी तेच ओरडतो.

पोल आला की स्वार खाली पोलकडे बघतो, डोकं पुढे जातं, हात घट्ट होतात. घोड्याचं तोंड वर, पाठ खाली दबलेली, आणि पाठ दबली की मागचा पाय उचलायला जागाच राहत नाही. मागचे पाय लागायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. तपासायची रीत सोपी आहे आणि पैसा लागत नाही. स्वाराला उतरवा, घोडा हाताने धरून पोलवरून वॉक करा, मग सैल दोरीवर ट्रॉट. स्वाराशिवाय एकही पोल लागला नाही आणि स्वार बसल्यावर लागला, तर दोष एकतर स्वारात आहे नाहीतर खोगिरात, घोड्याच्या पायात बहुतेक नाही. स्वाराशिवाय पण लागतोय तर पुढे जा.

स्वाराचंच निघालं तर नजर समोर झाडावर किंवा कुंपणाच्या खांबावर, ट्रॉटला उठत-बसत, हात मानेजवळ आणि लगाम इतका सैल की घोडा नाक खाली नेऊ शकेल. मानेवर एक पट्टा बांधा आणि शिकाऊ स्वाराला तो धरू द्या, लगामाला लोंबकळण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. शनिवार-रविवारी सोसायट्यांमधली मुलं येतात त्यांना मी पहिले पंधरा दिवस पट्ट्याशिवाय पोलवर नेत नाही.

रेषा पण बघा. तिरकं आलात तर मोजलेलं १.२५ घोड्यासाठी १.२५ राहत नाही, वाढतं. पोलच्या मधोमध चुन्याची खूण करा आणि सहा-सात पावलं आधीपासून सरळ या, कोपऱ्यातून वळून लगेच पोल नको.

आणि वेग. रेसवाला घोडा पळत सुटला तर ओढू नका, ओढलं की तो अजून पळतो. एकच पोल टाका, त्याच्यावरून फक्त वॉक, पुढे जाऊन गोल फिरा, परत वॉक, कधीकधी पोलच्या आधीच वळा आणि जाऊच नका. पोल म्हणजे काही विशेष नाही हे त्याला पटेपर्यंत दोन आठवडे गेले तरी जाऊ देत. बिजलीला पण असंच केलं, फक्त तिला एका पोलच्या पलीकडे सईस काका चाऱ्याची मूठ घेऊन उभे राहायचे, म्हणजे पाय वर नाही, पुढे टाकायचा हे तिला समजावं.

किती वेळ

दहा मिनिटं मोकळा वॉक, मग पोलचं काम पंधरा मिनिटं, फार तर वीस, आठवड्यातून दोनदा. पोलवर पाय उचलणं म्हणजे व्यायामच आहे, पोट-पाठ-मांड्या सगळं कामाला लागतं, आणि थकलेला घोडा पाय उचलू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत आवरा. चांगलं जमलं की तिथेच उतरा, "अजून एकदा" च्या नादात शेवटची खेप बिघडते आणि घोडा तीच लक्षात ठेवून झोपतो.

उंचीबद्दल बरेच जण विचारतात. पाय आपटतो म्हणून पोल वर उचलून ठेवायचा का? वरचं सगळं तपासून झालं असेल आणि घोडा जुना, कंटाळलेला असेल तर हो, एका आड एक पोलचं एकच टोक १५ सेंटिमीटर वर करा, तो जागा होतो. पण कारण न शोधता उंची वाढवली तर दुखणाऱ्या घोड्याला तुम्ही अजून दुखवताय. आणि मुद्दाम पोल पायावर मारून "शिकवणारे" लोक असतात, त्यांना घोड्यापासून लांब ठेवा.

नाल आणि खूर

इथे पैसे लागायला सुरुवात होते. शेवटचे नाल कधी बसवले ते विचारा. पाच-सहा आठवडे उलटून गेले असतील तर पुढचं काही तपासायची गरज नाही, आधी नालबंद बोलवा. पुढचं टोक वाढलं की खूर जमिनीवरून उशिरा सुटतो, आणि उशिरा सुटलेला पाय पोलवर वेळेत पोचत नाही. नाल सैल आहे का हलवून बघा, एखादा खिळा वर आलाय का बघा, चारही नाल सारखे झिजलेत का. मागच्या नालेचं पुढचं टोकच झिजलेलं असेल तर तो पाय घासत चालतोय, हे डॉक्टरांना सांगायचं लक्षात ठेवा.

खूर स्वतः कानशीने घासू नका. व्हिडिओ बघून केलेलं घासकाम दुरुस्त व्हायला पूर्ण खूर नव्याने वाढावा लागतो, वर्ष जातं. तुम्ही तळवा साफ करा, वास घ्या. मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काळं, घाण वास मारणारं काही असेल तर ती पावसाळ्यातली सड आहे, ठाण्यातल्या ओल्या तबेल्यांत ती दरवर्षी येते, आणि दुखरा खूर घोडा जपून, कमी उचलून टाकतो. कोरडी जागा, रोजची सफाई आणि नालबंदाला दाखवणं.

खोगीर आणि पाठ

घामेजलेल्या घोड्याचं खोगीर काढलं की पाठ बघा. सगळीकडे ओली आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथे खोगीर जास्त दाबतंय. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी एकसारखा दाब देत मागे या. पाठ झटकन खाली घेतो, कान मागे टाकतो, शेपूट आपटतो, तर तिथे दुखतंय. खोगिराखाली अजून एक जाड नमदा घालून हे मिटत नाही, बऱ्याचदा वाढतं. दोन आठवडे स्वार बंद, फक्त हाताने काम, आणि खोगीर बसवणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा.

इथे थांबा

खालचं काही दिसलं तर पोल गोळा करून ठेवा, त्या दिवशी घोड्यावर बसू नका आणि घोड्याच्या डॉक्टरांना फोन करा. आपल्याकडे गाई-म्हशींचे डॉक्टर लगेच मिळतात, पण लंगडण्यासाठी रोज घोडे बघणारा हवा, महालक्ष्मीकडच्या रेसच्या घोड्यांवर काम करणाऱ्यांपैकी कोणी येतंय का विचारा.

कडक जमिनीवर सैल दोरीने सरळ ट्रॉट करवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. मागचा दुखत असेल तर एका बाजूचा पुठ्ठा (शेपटीच्या बाजूचा मागचा भाग) जास्त वर-खाली होतो. खूर हाताला गरम लागतो आणि घोट्याच्या मागे नाडी जोरात उडतेय. पायावर नवी सूज. खिळा तळव्यात घुसलाय, आणि हा ओढून काढू नका, घोडा जागच्या जागी उभा ठेवा, फोटो काढा, खिळा कुठे आणि किती खोल गेलाय हे डॉक्टरांना कळायला हवं. डोळ्यात पांढरट झाक किंवा पाणी. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला ४४ च्या वर, ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर.

मागचे पाय लडखडत असतील, छोट्या वर्तुळात फिरवताना पाय एकमेकांत अडकत असतील, मागे सारताना टोक घासत असेल, तर पोलच्या व्यायामाने हे सुधारेल असं कोणी कितीही सांगितलं तरी ऐकू नका. याच्यात सर्रा पण असू शकतो, चावऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणारा रोग, येऊन-जाऊन ताप, पाय सुजणं, घोडा खंगत जाणं आणि मागच्या भागात अशक्तपणा. पनवेलच्या बाजूला एका घोड्याला महिनाभर आळशी म्हणून पोलवर पळवत होते, मी सांगितलं म्हणून रक्त तपासलं आणि तोच निघाला. औषधाने तो सावरला, पण तो महिना त्याने तापात काढला होता.

डॉक्टर येईपर्यंत दुखण्याचं औषध देऊ नका, लंगडणं झाकलं जातं आणि त्यांना काही सापडत नाही. त्यांच्यासाठी तो स्लो मोशन व्हिडिओ, नाल बसवल्याची तारीख, कुठला पाय, कुठल्या हाताने, किती दिवसांपासून, एवढं एका कागदावर लिहून तबेल्याच्या दारावर लावून ठेवा, म्हणजे तुम्ही नसलात तरी सईसाला सांगता येईल.